डिजिटल अध्यापनातली पदव्युत्तर पदवी घेण्याआधी

कोविडच्या काळात महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलसमोर उभे राहून शिकवले. तेव्हा जमेल तसे शिकवावे लागले. शाळा उघडल्या, फळा-खडू परत हाती आले, पण अनेकांच्या मनातली उत्सुकता गेली नाही. डिजिटल साधनांनी शिकवण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे, त्यात पदव्युत्तर पदवी मिळवावी, असे वाटणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका आहेत, अभियांत्रिकी करून नोकरीत मन न रमलेले तरुण आहेत, कारखान्यातल्या प्रशिक्षण विभागातली माणसे आहेत आणि आयटीआयमधले शिल्प निदेशकही आहेत. त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो : कुठला कोर्स चांगला?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारावा लागतो. तुम्हाला कुणाला शिकवायचे आहे? तिसरीतल्या मुलाला भागाकार, नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सलाइन लावणे, बँकेतल्या नव्या कारकुनाला कर्जाचे नियम, की दुसऱ्या शिक्षकांना शिकवायचे कसे ते? शिकणारा माणूस डोळ्यांसमोर आला की कोर्स निवडणे सोपे होते. तो आला नाही, तर दोन वर्षांनी हातात पदवी असते, चार सॉफ्टवेअरची नावे पाठ असतात आणि आपण नेमके काय करू शकतो ते सांगता येत नाही.

हा विषय स्मार्टफोनबरोबर आला, असे समजू नका. १९७५-७६ मध्ये भारताने ‘साइट’ हा प्रयोग केला. अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षणाचे कार्यक्रम पोचवले. १९८४ मध्ये एनसीईआरटीच्या छत्राखाली केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी दूरशिक्षणाचा विचार महाराष्ट्रात रुजवला. म्हणजे या क्षेत्राला पन्नास वर्षांचा अनुभव आहे, त्यात यशही आहे आणि अपयशही. पदव्युत्तर शिक्षणाचा खरा उपयोग हा अनुभव समजून घेण्यासाठी होतो. साधने तर यूट्यूबवरही शिकता येतात.

या अभ्यासाच्या गाभ्याशी एक जुना वाद आहे, आणि चांगल्या विभागात तो पहिल्याच सत्रात तुमच्यासमोर येतो. १९८३ मध्ये अमेरिकी संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी म्हटले की माध्यम स्वतः काही शिकवत नाही. किराणा आणणाऱ्या गाडीमुळे आपले पोषण सुधारत नाही, ते किराण्यामुळे सुधारते, तसेच हे. पुढे रॉबर्ट कोझमा यांनी त्यांना उत्तर दिले की काही माध्यमांत अशा गोष्टी दाखवता येतात ज्या दुसऱ्या माध्यमात दाखवता येत नाहीत, म्हणून माध्यमाचा विचार बाजूला ठेवता येणार नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण त्यातून आलेली सवय फार मोलाची आहे. मुलांना फायदा झालेला दिसला, की तो टॅबमुळे झाला की टॅबमधल्या धड्याच्या मांडणीमुळे, हे वेगळे करून पाहण्याची सवय.

दोन उदाहरणे देतो. पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने केलेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या चाचण्यांत सुधारणा आढळली नाही. दुसरे उदाहरण दिल्लीचे. तिथे शाळेनंतरच्या केंद्रांत मुलांनी ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरवर सुमारे साडेचार महिने अभ्यास केला. त्यांची गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती झाली. हा अभ्यास २०१९ मध्ये अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे यंत्रे होती. फरक असा, की दिल्लीतले सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाची खरी पातळी ओळखून तिथूनच प्रश्न देत होते. सातवीत बसलेले पण चौथीच्या पातळीवर असलेले मूल तिथे चौथीचे गणित सोडवत होते. पेरूत यंत्र मुलांच्या हाती पोचले, पण त्यावर काय आणि कसे शिकायचे याची अशी आखणी त्याच्यासोबत गेली नाही. शिकवण्याची रचना करणे हेच या पदवीचे काम आहे आणि ते शिकायला वेळ लागतो.

म्हणून अभ्यासक्रमाची पुस्तिका हाती आली की साधनांची यादी बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा. मेंदू शिकतो कसा, याचा पेपर आहे का? जॉन स्वेलर यांचा आकलनभाराचा सिद्धान्त आणि रिचर्ड मेयर यांची बहुमाध्यम अध्ययनाची तत्त्वे तिथे शिकवली जायला हवीत. पडद्यावर मजकूर लिहून तोच पुन्हा आवाजात वाचून दाखवला तर शिकणाऱ्यावरचा भार का वाढतो, सजावटीची चित्रे कुठे आड येतात, हे त्यातून कळते. ते कळले की आपणच बनवलेला धडा आपल्याला वेगळा दिसू लागतो. दुसरे, मूल्यमापनाचा आणि संशोधनपद्धतीचा पेपर आहे का? तिसरे, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर काम करण्याची सक्ती आहे का? यातले तिसरे नसेल तर त्या कोर्सबद्दल माझे मत प्रतिकूल होते, मग विद्यापीठ कितीही मोठे असो.

एक नाव इथे सांगायलाच हवे. पुण्य मिश्रा यांनी मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्रात दृश्यसंवादाचे शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेत संशोधन केले. मॅथ्यू कोहलर यांच्याबरोबर २००६ मध्ये त्यांनी टीपॅक नावाची मांडणी केली. विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान या तीन गोष्टी वेगवेगळ्या शिकून चालत नाही, त्या जिथे एकमेकींत मिसळतात तिथे शिक्षकाचे खरे कौशल्य असते, असे तिचे सूत्र. जगभरातल्या शिक्षक-प्रशिक्षणात ही मांडणी आज वापरतात. प्रवेशाच्या मुलाखतीत तिचा उल्लेख होण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा नुसती व्याख्या सांगू नका. तुमच्या विषयातला एक घटक घ्या, समजा अपूर्णांकांची बेरीज, आणि तो शिकवताना ही तीन ज्ञाने कुठे भेटतात ते सांगा.

आता संस्थांकडे येऊ. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग जुहूच्या आवारात आहे. या विषयाची पदव्युत्तर पदवी शोधणाऱ्या मुलींनी पहिली चौकशी तिथे करावी. संशोधनाकडे ओढा असेल, तर मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडीचे काम चालते. अभियंते आणि विज्ञानातले पदव्युत्तर पदवीधर तिथे येतात आणि विद्यार्थी शिकताना काय विचार करतो हे मोजण्याची साधने घडवतात. अध्यापकांसाठीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवणारी रचनाही या गटाने तयार केली. व्हिडिओत मध्येच थांबून विचार करायला लावणे, लगेच सराव देणे आणि पुढच्या वाटा उघडून देणे, असे तिचे टप्पे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान शिक्षणात पीएचडी करता येते, आणि विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना ती वाट जास्त जवळची वाटेल.

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिक्षणशास्त्रात एमए करता येते. त्या पदवीच्या नावात तंत्रज्ञान नाही, पण याच संस्थेने अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्याबरोबर ‘क्लिक्स’ हा प्रकल्प सरकारी माध्यमिक शाळांत चालवला आणि त्याला युनेस्कोचा २०१७ चा माहिती-तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. शिक्षणव्यवस्था, जात, लिंग, भाषा हे सगळे समजून घेऊन मग तंत्रज्ञानाकडे जायचे असेल तर हा रस्ता मला फार भक्कम वाटतो. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूकडे पाहा. दूरशिक्षणातली एमए आणि ई-लर्निंगमधली पदव्युत्तर पदविका असे तिचे अभ्यासक्रम आहेत. मात्र त्या सत्रात प्रवेश उघडा आहे की नाही, हे संकेतस्थळावर पाहूनच पुढे जा.

परदेशाबद्दल थोडक्यात. एडिंबरा विद्यापीठाची डिजिटल एज्युकेशनमधली एमएससी पूर्णपणे ऑनलाइन आहे, तर हार्वर्डची अध्ययन-आरेखनाची पदवी एका वर्षाची. खर्च मोठा असतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती समाजकल्याण विभागाकडून आधीच घ्यावी. ब्रिटनमधल्या शिक्षणासाठी राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आणि अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू याही पाहाव्यात. अर्ज प्रवेशाच्या जवळजवळ वर्षभर आधी करावे लागतात आणि तिथेच बहुतेकांची गाडी चुकते.

नियमांचा भाग कंटाळवाणा असला तरी तिथे चूक महागात पडते. शैक्षणिक तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदवी बीएडची जागा घेत नाही. शाळेत शिक्षक व्हायचे असेल तर बीएड किंवा डीएलएड लागतेच, आणि पहिली ते आठवीसाठी टीईटीही. बीएड महाविद्यालयात अध्यापक व्हायचे असेल तर सहसा एमएड लागते. एमए एज्युकेशन आणि एमएड एकच समजून अनेक जण फसतात, म्हणून ज्या पदासाठी पदवी घेताय त्या पदाची पात्रता जाहिरातीत आधी वाचा. विद्यापीठात सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट द्यायची असेल, तर शिक्षणशास्त्राच्या नेटच्या अभ्यासक्रमात तंत्रज्ञानाचा स्वतंत्र घटक आहे, तो तुमच्या फायद्याचा. आणखी एक. जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग आणि एआयसीटीई यांनी एडटेक कंपन्यांशी फ्रँचायझी पद्धतीने केलेले पदवी अभ्यासक्रम चालणार नाहीत, असे बजावले. त्याच वर्षी, एडटेक कंपन्यांच्या भागीदारीतल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असेही जाहीर केले. ऑनलाइन पदवी घेत असाल तर आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव शोधा. सापडले नाही तर पैसे भरू नका. समुपदेशक म्हणून फोनवर गोड बोलणाऱ्याच्या शब्दावर तर मुळीच नको.

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात, म्हणजे कंपन्या, रुग्णालये, सरकारी खाती यांच्यासाठी काम करायचे असेल, तर तुमची नोकरी बहुधा इन्स्ट्रक्शनल डिझायनर या नावाची असेल. महाराष्ट्रात हे काम नवे नाही. मुंबईत टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स १९९० मध्ये सुरू झाली आणि तिथे काम केलेली माणसे पुढे या उद्योगात सगळीकडे पसरली. पुणे तर आज या कामाचे मोठे केंद्र आहे. विषयतज्ज्ञाशी बोलायचे, त्याच्या डोक्यातले ज्ञान शिकणाऱ्याला पेलेल अशा तुकड्यांत मांडायचे, स्टोरीबोर्ड लिहायचा, मग स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेटमध्ये तो उभा करायचा आणि मूडलसारख्या प्रणालीवर चढवायचा, असा कामाचा ओघ असतो. इथे डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या रोज कामाला येतात : प्रशिक्षण आवडले का, काही शिकले का, कामावर गेल्यावर वागणे बदलले का आणि त्यातून संस्थेला परिणाम दिसला का. बहुतेक संस्था पहिल्या पातळीवर, म्हणजे शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर, थांबतात. तिसऱ्या पातळीपर्यंत मोजणारा माणूस मागणीत असतो, आणि ते मोजायला शिकवणारा कोर्स म्हणूनच जास्त मोलाचा.

या सगळ्यात भाषेचा प्रश्न मी सर्वांत वर ठेवतो. अंगणवाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले. महाराष्ट्रातल्या सेविकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मिळालेले मोबाइल नीट चालत नव्हते आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. सेविकांनी मोबाइल परत केले, आंदोलने केली. वीस-पंचवीस वर्षे बाळांची वजने वहीत अचूक नोंदवणाऱ्या बाया त्या ॲपसमोर अडाणी ठरवल्या गेल्या. दोष त्यांचा नव्हता. हे साधन कोण वापरणार, कोणत्या भाषेत, कसल्या फोनवर, हे प्रश्न रचना करणाऱ्यांनी आधी विचारायचे असतात, आणि ते विचारायला शिकवणे हे या पदवीचे कर्तव्य आहे.

उलट बाजूचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातले. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडचे सगळ्यांना कौतुक आहे. पण त्याआधीची पायरी महत्त्वाची. पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत नव्हती आणि ती भाषा कन्नड होती. डिसले यांनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि कोडमधून त्या भाषेतल्या कविता, व्हिडिओ आणि सराव त्यांच्यापर्यंत पोचवले. अडचण आधी ओळखली, साधन नंतर आले. पुढे आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले आणि ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरचे साहित्य त्यांना जोडले गेले. आता प्रश्न त्या कोडमागे काय दर्जाचे साहित्य आहे हा आहे. मराठीत ते काम करणारी, शिकण्याचे शास्त्र जाणणारी माणसे फार थोडी आहेत. तुम्ही त्यांतले एक व्हावे असे मला मनापासून वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही पदवी निरुपयोगी होईल का, ही शंका हल्ली हमखास येते. माझे उत्तर नाही असे आहे. प्रश्नपत्रिका, स्लाइड, पाठटाचण आता काही सेकंदांत तयार होते, हे खरे. त्यामुळे साधन चालवण्याची किंमत घटली आणि पारखण्याची वाढली. यंत्राने दिलेले मराठी आदिवासी पट्ट्यातल्या पाचवीच्या मुलाला कळेल का, त्यातले उदाहरण त्याने कधी पाहिले आहे का, चुकीच्या उत्तरांचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांवर बेतलेले आहेत का, हे माणसालाच ठरवावे लागते. शिवाय मुलांच्या माहितीचा प्रश्न आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची आणि मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करण्यावर बंदीची तरतूद आहे. शाळेत ॲप आणणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवे. तुमच्या कोर्समध्ये यावर एक तासही नसेल, तर विभागप्रमुखांना तसे विचारा.

२०२४ च्या ‘असर’ अहवालातला एक आकडाही ध्यानात ठेवा. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या दहातल्या आठांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरला असे सांगणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. म्हणजे यंत्र मुलाच्या हातात आहे, ते चालवताही येते, त्यावर शिकण्यासारखे पुरेसे नाही. लघुप्रबंधासाठी विषय शोधत फिरणाऱ्यांनी याच फटीत पाहावे. ‘शिक्षकांचा तंत्रज्ञानाकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ असल्या प्रश्नावलीच्या विषयांनी विद्यापीठांची ग्रंथालये भरली आहेत. त्यापेक्षा एका शाळेत, एका इयत्तेत, एका घटकावर काम करा. बारा मुले तुमचा धडा वापरताना कुठे अडखळली ते नोंदवा, धडा बदला, पुन्हा वापरून पाहा. असा प्रबंध लहान दिसला तरी पुढच्या शिक्षकाच्या उपयोगी पडतो.

पोर्टफोलिओही याच कामातून तयार होतो. मुलाखत घेणाऱ्याला वीस प्रमाणपत्रांत रस नसतो. एक धडा दाखवा, त्याची पहिली आणि तिसरी आवृत्ती शेजारी ठेवा, मधल्या बदलाचे कारण सांगा. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावर आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर बरेच काही मोफत शिकता येते. ट्यूटोरियलची बरीचशी मालिका मराठीतही आहे आणि छोटा व्हिडिओ पाहत शेजारी स्वतः करून पाहायची तिची पद्धत हीच एक चांगली शिकवणी आहे. पदवीच्या आधी हे करून पाहिले तर या कामात आपले मन रमते का, हेही कळते.

तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एवढे करा. तुम्ही चांगला शिकवता असा एक घटक निवडा आणि त्यावर पाच मिनिटांचा मराठी धडा मोबाइलवर तयार करा. तो चार-पाच मुलांना किंवा कामगारांना द्या आणि शेजारी बसून काही न बोलता पाहा. मग जिथे प्रवेश घ्यायचा आहे त्या विभागातल्या दोन माजी विद्यार्थ्यांना गाठा आणि त्यांनी शिकताना किती खऱ्या विद्यार्थ्यांसमोर काम केले ते विचारा. त्या उत्तरावर तुमचा निर्णय घ्या.